कानामागची पट्टी

बारीच्या घाटातून एसटीने जाणाऱ्या-येणाऱ्या माझ्या बंधूंनो, गाडीत चढताना पदराच्या टोकाला लिंबू बांधणाऱ्या माझ्या भगिनींनो, धरणाच्या पाण्यावरून होडीने शेंडी गावाला उतरणाऱ्या वाड्यावस्त्यांतल्या सगळ्या माणसांनो,

तुमचं एक औषध चोरीला चाललं आहे. उंबरवाडीच्या मनकर्णाबाईंची कानामागे लावायची पट्टी तुम्ही सगळे ओळखता. ती लावली की तीन दिवस घाट लागत नाही, होडी लागत नाही. गेल्या डिसेंबरपासून ती तुम्हाला मिळत नाही. कुणी म्हणतं म्हातारी थकली, कुणी म्हणतं तिला आता पैसे हवेत. दोन्ही खोटं आहे. ती थांबली, कारण तिची पट्टी करण्याची रीत मुंबईच्या एका औषध कंपनीच्या नावावर चढते आहे. ती चढवताना शिडी धरणारा माणूस मी आहे.

मी विष्णुपंत, राजूरच्या शाळेतला शिक्षक. माझी भाषणं तुम्ही पुष्कळ ऐकलीत. आज भाषण करत नाही. माझा मुंबईचा भाचा यज्ञेश्वर, मनकर्णाबाई आणि मी, अशा तिघांची पत्रं खाली छापली आहेत. यज्ञेश्वर त्याच कंपनीत रसायनतज्ज्ञ आहे. नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून त्याने छापायला होकार दिला. एका पत्रात मी खोटं लिहिलं आहे. ते खोडलेलं नाही. वाचा.

*

मुंबई, ६ मे १९७२

तीर्थरूप मामांना यज्ञेश्वरचा शि. सा. नमस्कार.

गेल्या आठवड्यात सुखरूप पोचलो. तुमच्याकडे येताना आमच्या लेकीने, विजयाने, कंडक्टरच्या तिकिटाच्या पेटीवर जो पराक्रम केला तो तुम्हाला माहीत आहेच. परत जाताना मामींनी बळेच त्या बाईंकडे नेऊन कानामागे पट्टी लावून आणली, तेव्हा मी मनातून हसत होतो. पण घोटीपर्यंत विजया खिडकीतून डोंगर बघत आली आणि वर तिला भूक लागली! माझा विश्वास बसला नाही. चौथ्या दिवशी तिच्या कानामागची पट्टी काढून मी प्रयोगशाळेत नेली.

मामा, नखाएवढ्या त्या पट्टीत तीन थर आहेत. वर मेण आणि डिंक. मध्ये औषध, ते बहुतेक धोतऱ्याचं असावं. आणि खाली, कातडीला लागून, एक इतका पातळ पापुद्रा की मला तो पहिल्यांदा दिसलाच नाही. सगळी करामत त्या पापुद्र्याची आहे. धोतरा हे विष आहे, एकदम अंगात उतरलं तर माणूस भ्रमिष्ट होतो. हा पापुद्रा ते अडवून धरतो आणि तीन दिवस थोडं थोडं सोडतो. गोळी न गिळता, सुई न टोचता, कातडीतून औषध! आमच्याकडे येणाऱ्या मासिकांत वाचतो, अमेरिकेत लोक नेमकं हेच करायला धडपडताहेत.

वीस एप्रिलपासून आपल्या देशात नवा पेटंट कायदा लागू झाला आहे. आता औषधावर कुणाला मालकी सांगता येत नाही, फक्त ते बनवण्याच्या रीतीवर सांगता येते, तीही फार तर सात वर्षं. आपण ही रीत नोंदवली नाही तर उद्या कुणी परदेशी कंपनी नोंदवेल आणि आपल्यालाच विकेल. त्या बाई तुमचा शब्द मोडणार नाहीत असं मामी म्हणाल्या. पापुद्रा कशाचा आणि कसा लावतात, एवढं त्यांच्याकडून समजून घ्याल का?

तुमचा यज्ञेश्वर

*

राजूर, २४ मे १९७२

चि. यज्ञेश्वर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचावंसं वाटलं, पण आवरलं. पंचवीस वर्षं मी ओरडतो आहे की ज्यांनी आपला कापूस नेऊन आपल्याला कापड विकलं, तेच आज आपल्या रोगांवर मक्तेदारी करून बसलेत. विलायतेत चार आण्यांना होणारी गोळी इथे दोन रुपयांना घेताना आपल्याला लाज वाटत नाही, राग येत नाही. आणि इकडे उंबरवाडीची एक निरक्षर बाई त्यांच्या पुढे दोन पावलं! मी गेल्या रविवारी तिच्याकडे जाऊन आलो.

मनकर्णाबाई पासष्टीच्या आहेत. दोन एकर भातखाचर, चार शेळ्या. पट्टीचा एक पैसा घेत नाहीत. नारळ दिलास तर घेतात, नाही दिलास तर मागत नाहीत. मी सगळं सांगितलं. त्या भात निवडत होत्या, सूप खाली न ठेवता म्हणाल्या,

"कागदावर लिवून काय व्हईल, गुरुजी?"

"तुमची रीत तुमचीच राहील. दुसऱ्याला चोरता येणार नाही."

"आजपातूर कुनी चोरली?"

मी म्हटलं, चोर अजून यायचाय. त्या हसल्या. "मंग कडी लावायला चोराच्याच घरचा मानूस कशाला?" भाच्याची कंपनी म्हणजे माझीच, असं मी सांगितलं. कागदावर तुमचं नाव राहील, असाही शब्द दिला. तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं.

त्यांची अट मात्र विलक्षण आहे. एका पिढीत एकालाच सांगायचं. ज्याला सांगितलं त्याने स्वतःच्या हाताने पट्टी करायची, त्यांनी ती त्याच्या कानामागे लावायची आणि त्याने तीन दिवस तोंडातून अक्षर काढायचं नाही. त्यांच्या सासूने त्यांना असंच शिकवलं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "धोतऱ्यानं तोंड सुकतं. सुकल्या तोंडानं बोललं की मानूस नको ते बोलतो. ज्याला तीन दिस गप बसता येत न्हाई, त्याच्या पोटात हे ऱ्हानार न्हाई."

तुझ्या मामीला हे सांगितलं. ती म्हणाली, "तीनच दिवस? मनकर्णेला म्हणावं, महिनाभर ठेवून घ्या."

पंचवीस जूनला बोलावलं आहे.

तुझा मामा
विष्णुपंत

*

मुंबई, ५ जून १९७२

तीर्थरूप मामांना सा. नमस्कार.

बाई तयार झाल्या हे वाचून आमचे संचालकसाहेब खुर्चीतून उठले. एक गोष्ट मात्र अत्यंत महत्त्वाची आहे, म्हणून घाईने लिहितो. अर्ज दाखल व्हायच्या आधी ती रीत चारचौघांना ठाऊक असेल तर पेटंट मिळत नाही. लोक पट्टी वापरतात हे चालेल, कारण आत काय आहे आणि ते कसं लावलंय हे एकट्या बाईंना माहीत आहे. ते गुपित आहे तोवर ठीक. पण कुठे छापून आलं, कुणी सभेत, वर्गात सांगितलं, तर संपलं. तुमचा स्वभाव मला माहीत आहे म्हणून हात जोडून सांगतो, अर्ज होईपर्यंत याविषयी कुठेही बोलू नका.

बाईंची अट या दृष्टीने सोन्यासारखी आहे. त्या अडाणी बाईला पेटंटचा कायदा आमच्या वकिलापेक्षा चांगला कळतो म्हणायचा!

तुमचा यज्ञेश्वर

*

राजूर, ३ जुलै १९७२

चि. यज्ञेश्वर यास आशीर्वाद.

काम झालं. पंचवीस तारखेला सकाळी उंबरवाडीला पोचलो. बाईंनी अंगण सारवून ठेवलं होतं. पापुद्रा बांबूचा आहे. कोवळ्या बांबूच्या पेरात आतल्या बाजूला जो पांढरा, कांद्याच्या पातीहून पातळ पदर असतो तो. तो अखंड काढणं हेच सगळं कसब. माझे अकरा फाटले. बाई म्हणाल्या, "खडू धरायची सवय हाय तुमाला, हळू धरा." बाराव्याला जमलं.

(इथे पत्रात पुढे पूर्ण कृती होती. मनकर्णाबाईंच्या सांगण्यावरून ती छापलेली नाही. धोतरा आहे. घरी करायला जाल तर माणूस दगावेल.)

माझी पट्टी त्यांनी माझ्या उजव्या कानामागे लावली आणि मौन सुरू झालं. पहिल्या दिवशी घरी आलो तर पोस्टमन भिमाजी दारात. त्याला खुणांनी काही कळेना, तो तुझ्या मामीला विचारतो, "गुरुजींच्या अंगावरून वारं गेलं का काय?" दुसऱ्या दिवशी तोंड इतकं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटली. गप बसायला किती बळ लागतं ते या वयात कळलं. तिसरा दिवसही गेला. चौथ्या दिवशी शाळेतल्या चौघांना बरोबर घेऊन उंबरवाडीला गेलो. बाईंनी माझा कान वाकवून पाहिला, जरा थांबल्या आणि नारळ फोडला.

तू बजावलं होतंस म्हणून लिहितो. मी हे कुणाजवळही बोललेलो नाही. अर्ज निर्धास्त कर.

तुझा मामा
विष्णुपंत

*

मुंबई, २ सप्टेंबर १९७२

तीर्थरूप मामांना सा. नमस्कार.

चौदा ऑगस्टला अर्ज दाखल झाला. आम्ही प्रयोगशाळेत बांबूच्या पापुद्र्यावर केलेल्या पट्ट्या बाईंच्या पट्टीइतक्याच चालतात. साहेबांनी पेढे वाटले. आता कचेरीची तपासणी, मग राजपत्रात जाहिरात. त्याला वर्ष-सव्वा वर्ष लागेल. तुमच्यामुळे हे झालं, मामा.

तुमचा यज्ञेश्वर

*

उंबरवाडी, १९ डिसेंबर १९७३
(लिहून घेणार भिमाजी पोस्टमन)

गुरुजींना मनकर्णाचा रामराम.

पत्र लिवायचं कारन का, मागल्या आठवड्यात एक साहेब जीपमधून आला हुता. म्हनला गुरुजींनी धाडलंय. मी घोंगडी टाकली, चा केला. त्यानं कागद काढला. म्हनला, गुरुजींनी जे नाव लावायचं कबूल केलं हुतं त्याचाच हा कागद हाय, आंगठा उठवा. तुमचं नाव घेतलं म्हनून मी उठवला. मंग म्हनला, आता ही पट्टी तुमी करायची न्हाई, कायद्यानं बंदी हाय. कंपनी करनार.

एक कागद माज्याकडं ठिवून गेला. तो भिमाजीनं वाचला. त्यात असं लिवलंय का, मनकर्णा आदी नुसता पाला वाटून बांधत हुती आन बांबूचा पापुद्रा तिला कंपनीच्या साहेबांनी दावला. गुरुजी, माज्या सासूला कुन्या साहेबानं दावला हुता का? ती मेली तवा हितं मोटारबी आली नव्हती. ती होडीसाठी करायची.

मी आंगठा दिलाय, म्हनून पट्टी करनं थांबवलंय. काल रतनबाई आली, लेकीकडं कल्यानला जायचंय म्हनून. तिला हात हालवत लावून दिलं. चाळीस वर्सांत कुनाला दारातून परत धाडलं न्हवतं.

तुमी धाडला हुता का तो साहेब? येवढंच कळवा.

मनकर्णा

*

राजूर, २४ डिसेंबर १९७३

यज्ञेश्वर,

मनकर्णाबाईंचं पत्र सोबत पाठवतो. आधी ते वाच आणि मग बस.

माझं नाव घेऊन तिचा अंगठा उठवला गेला. ती बाई माझ्या नावावर चहा करते, माझ्या नावावर अंगठा देते. ज्या लुटारूंच्या विरुद्ध मी तालुकाभर घसा फोडला त्यांची रीत याहून काय वेगळी होती? ते समुद्रापलीकडून आले, हे जीपमधून आले, आणि यांना रस्ता मी दाखवला. अर्जावर नाव कुणाचं आहे? सरळ लिही. हा अर्ज कसा थांबवता येईल तेही लिही.

विष्णुपंत

*

मुंबई, ८ जानेवारी १९७४

तीर्थरूप मामांना सा. नमस्कार.

हे पत्र लिहायला मला पंधरा दिवस लागले. अर्जावर संशोधक म्हणून दोन नावं आहेत. पहिलं संचालकसाहेबांचं. दुसरं माझं. बाईंचं नाव कुठेही नाही. ऑगस्टमध्ये सही करताना मला ते दिसलं होतं. मी बोललो नाही. पेढा खाल्ला. तुम्हाला लिहिलेल्या पत्रात 'अर्ज दाखल झाला' एवढंच लिहिलं, कारण त्यापुढे काही लिहायचं म्हटलं असतं तर हे लिहावं लागलं असतं. जीपमधल्या माणसाचं मला माहीत नव्हतं, पण माहीत नसणं हे माझ्या पगारात बसतं, हेही आता कळतं.

अर्ज थांबवायचा एक रस्ता आहे. चोवीस नोव्हेंबरच्या राजपत्रात तो जाहीर झाला. तेव्हापासून चार महिन्यांत, म्हणजे चोवीस मार्चच्या आत, कुणीही विरोध दाखल करू शकतं. मी गुपचूप बाहेरच्या एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, बाईंकडून लबाडीने मिळवलं हे सिद्ध करायला तिचा शब्द आहे, पण त्याविरुद्ध तिचाच अंगठा आहे. लोकांनी पट्टी वापरली हे पुरेसं नाही, कारण आत काय आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिने गुपित राखलं, हेच कंपनीच्या कामी आलं.

चौदा ऑगस्ट १९७२ च्या आधी ही रीत, पापुद्र्यासकट, कुणी जाहीरपणे सांगितली असती आणि ऐकणारे पाच-पन्नास साक्षीदार असते, तर हा अर्ज एका सुनावणीत पडला असता, असं तो म्हणाला. पण तसं घडलेलं नाही. तुम्हीच मला लिहून दिलं आहे. ते पत्र कंपनीच्या फायलीत आहे.

मला क्षमा मागायचं तोंड नाही.

यज्ञेश्वर

*

राजूर, २० जानेवारी १९७४

श्रीमती मनकर्णाबाई यांना विष्णुपंतांचा नमस्कार.

भिमाजीस विनंती, हे पत्र बाईंना एकांतात वाचून दाखवावं. एक ओळही गाळू नये.

बाई, त्या साहेबाला मी धाडलं नव्हतं. पण तो ज्या वाटेने आला ती वाट माझी आहे. आणि याहून मोठी गोष्ट मी तुमच्यापासून दीड वर्ष लपवली आहे.

मी तीन दिवस गप राहिलो नाही.

तिसऱ्या दिवशी, सत्तावीस जूनला, तालुक्याच्या गावी, अकोल्याला, औषधांच्या किमतींवर सभा होती. महिनाभर आधी मी बोलायला कबूल झालो होतो. मी ठरवलं, जाऊन नुसतं बसायचं. माझ्या आधी दोघे बोलले. दोघेही वाईट बोलले, आणि लोक उठून चालले. माझ्यातला माणूस ते बघू शकला नाही. मी मंचामागे गेलो, कानामागची पट्टी सोलून काढली, तांब्याभर पाणी प्यालो आणि ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिलो.

बाई, मी सगळं सांगितलं. पट्टी दोन बोटांत धरून उंच केली. हा पापुद्रा बघा म्हणालो. बांबूच्या पेरातून कसा काढायचा, त्यावर काय, मग वर काय, तो तीन दिवस औषध कसं अडवून धरतो, एकेक पायरी. विलायतेच्या शहाण्यांना जे जमत नाही ते आमची आई करते, असं म्हणालो. तुमचं नाव घेतलं नाही. लोक परत येऊन बसले. दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांसाठी तुमच्या सासूपासून चालत आलेलं मी तासाभरात उधळलं. आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या अंगणात येऊन, तुम्ही फोडलेल्या नारळाचं खोबरं खाल्लं.

तुम्हाला खोटं, भाच्याला खोटं. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या.

आता वकील म्हणतो, त्या दिवशीचं माझं बोलणं हाच एक पुरावा आहे; ऐकणाऱ्यांना मामलेदार कचेरीत शपथेवर तसं लिहून द्यावं लागेल. माझा नियमभंग सिद्ध झाला तर तुमची रीत कंपनीची होणार नाही. पण मग ती गुपितही राहणार नाही, साऱ्या जगाला कळेल. हे उघड करायचं की नाही, ते ठरवण्याचा अधिकार तुमचा आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी तोंड उघडणार नाही. तसं सांगायला मला तोंडही उरलेलं नाही, पण सांगतो.

आपला अपराधी
विष्णुपंत

*

उंबरवाडी, २ फेब्रुवारी १९७४
(लिहून घेणार भिमाजी पोस्टमन)

गुरुजींना मनकर्णाचा रामराम.

भिमाजीनं पत्र वाचलं. मधी दोनदा थांबून पानी प्याला. तो म्हनतो, मीबी त्या सभेत हुतो, टाळ्या मीबी वाजवल्या. मी म्हनलं, लई शाना.

गुरुजी, मला ठाव हुतं.

पट्टी तीन दिस ऱ्हायली का कानामागं पांढरा डाग उमटतो. आठ-धा दिस जात न्हाई. तुमचा कान मी वाकवला तवा तितं कायबी नव्हतं. कातडी जशीच्या तशी. मला कळलं, ह्यांनी काढली. आन काढली म्हंजी बोललंच असनार, तुमी गप बसन्यासाठी पट्टी काढनारं मानूस न्हाई.

पन तुमी शाळेतली चार मानसं बरूबर आनली हुती. त्यांच्या म्होरं तुमचा पानउतारा कसा करायचा? पोरं तुमच्या पाया पडत्यात. म्हनून मी नारळ फोडला. माज्या सासूनं आसं केलं नसतं. तिनं नारळ उचलून घरात नेला असता. तवा ही लाज तुमची येकट्याची न्हाई, आर्दी माजी हाय. मी तवा बोलले असते तर तुमी पत्रात खोटं लिवलं नसतं.

आता तुमी इचारता, उघड करू का. आवो, दीडशे मानसांत बोलल्यावर उघड करायचं ऱ्हायलंय काय? ती मानसं ऐकून घरी गेली, येकानंबी पट्टी करून बगितली न्हाई. त्यांना ती माज्याकडनंच पायजे हुती. मला गुपित नको. मला माजं काम परत पायजे. रतनबाई परत आली तर तिला पट्टी लावायची हाय.

मानसं बोलवा. पन येक सांगते. तुमचे तीन दिस माज्याकडं बाकी हायेत. मानसं गोळा झाली का तुमी पुन्ना भाषान ठोकाल आन सगळं तुमचंच हुईल. तसं करायचं न्हाई. मी येते कचेरीवर. कागदावरचा आंगठा आंगठ्याच्या जागी, मी येक पट्टी करनार हाय आन सगळ्यांच्या डोळ्यांम्होरं तुमच्या कानामागं लावनार हाय. कुनाला मला पकडायचं तर पकडू द्या. तुमी तीन दिस गप बसायचं. जे ऐकलं ते लोकांना बोलू द्या.

ह्या बारीला डाग मी नीट बगनार हाय.

मनकर्णा

*

राजूर, १८ फेब्रुवारी १९७४

लोकहो, पत्रं संपली.

मी पुष्कळ वाचलं. परक्यांनी आपली विद्या कशी नेली याची दाखल्यांसकट यादी मला पाठ आहे. त्या यादीत आपलीच माणसं वाट दाखवायला पुढे झालेली असतात, हेही वाचलं होतं. ती माणसं कशी दिसत असतील याचा मी कधी विचार केला नव्हता. ती माझ्यासारखी दिसतात. चांगली बोलतात. त्यांचा हेतूही बहुधा चांगला असतो.

सत्तावीस जून १९७२ च्या दुपारी अकोल्याच्या त्या सभेत तुमच्यापैकी जे होते, त्यांच्याशी मी आता बोलतो आहे. तुम्ही दीडशे होता. पुढच्या रांगेत पारनेरहून आलेले काकासाहेब होते. उजवीकडे बायकांत छबूबाई होत्या, त्यांनी मध्येच उठून विचारलं होतं, "पापुद्रा फाटला तर?" आणि सगळे हसले होते. मागे सायकली धरून उभे असलेले होते. तुम्हाला माझी वाक्यं आठवत नसतील, ती लक्षात ठेवण्यासारखी नव्हती. पण दोन बोटांत धरलेली पट्टी आठवेल. बांबूचा पापुद्रा आठवेल. तेवढं पुरे आहे.

तुम्हाला कायदा कळायला नको. कंपनीला शिव्या द्यायला नकोत. माझी बाजू तर मुळीच घ्यायला नको. उलट, हा माणूस दिलेला शब्द मोडून त्या दिवशी बोलला, एवढंच तुम्ही शपथेवर सांगायचं आहे. त्याने मी खोटा ठरेन आणि मनकर्णाबाई खऱ्या ठरतील.

गुरुवार अठ्ठावीस फेब्रुवारी, शुक्रवार एक मार्च, शनिवार दोन मार्च. अकोल्याच्या मामलेदार कचेरीचा व्हरांडा. सकाळी अकरा ते पाच. प्रतिज्ञापत्र लिहून घ्यायला माणूस बसलेला असेल, भिमाजी पाण्याचा हंडा भरून ठेवणार आहे. मनकर्णाबाई खांबाला टेकून बसलेल्या असतील. त्यांच्या शेजारी मी असेन, उजव्या कानामागे पट्टी लावून.

तुम्ही मला हाक माराल, मी उत्तर देणार नाही. काय लिहू म्हणून विचाराल, मी सांगणार नाही. मला जे बोलायचं होतं ते मी नको त्या दिवशी बोलून बसलो आहे. या, त्या दिवशी तुम्ही जे कानांनी ऐकलंत ते आपल्या तोंडाने सांगा आणि त्याखाली सही किंवा अंगठा करा.